अस्थानीं राहिलेला गर्भ

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलांच्या कारखान्यांतून शिलाई करणाऱ्या भगिनी आहेत. पाळी चुकलेली असतां त्यांपैकीं एखादीच्या ओटीपोटांत कळ आली, घेरी आली, तर 'पित्त झालें, ऊन लागलें' म्हणून लिंबूपाणी देऊन तिला निजविण्यांत येतें. हा समज कधीं कधीं प्राणावर बेततो. म्हणून संकोच सोडून बोलत आहें.

स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग गर्भाशयांत होत नाहीं. तो त्याच्या बाजूच्या गर्भनलिकेंत होतो. तेथून तें बीज थोड्याच दिवसांत गर्भाशयांत उतरावयाचें असतें. जुन्या जंतुदोषानें, क्षयानें (हें कारण आपल्याकडे विसरतां कामा नये) किंवा शस्त्रक्रियेनें नळी बिघडली असली, तर तें वाटेंतच रुजतें. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळां असें घडतें. गर्भाशय ताणत जातें, नळीस तें साधत नाहीं. बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटते व पोटांत रक्तस्राव होतो. बाहेर मात्र थोडासाच डाग दिसतो, आणि फसगत होते ती येथेंच. आंतील रक्तानें श्वासपटल डिवचलें गेलें म्हणजे खांद्याचें टोक दुखूं लागतें. पोटाच्या रोगांत खांदा दुखावा, हें कोणास खरें वाटणार!

'माझें ऑपरेशन झालें आहे, मला कसला गर्भ?' हें उत्तर तर फारच घातक. त्यानंतर गर्भ क्वचितच राहतो; पण राहिलाच, तर तो नळींत असण्याचा संभव अधिक. तांबी बसविलेल्या स्त्रीसही हेंच लागू.

पूर्वीं अशा रोग्याजवळ हताश बसून राहण्यापलीकडे वैद्यांस फारसें कांहीं करतां येत नसे. १८८३ सालीं बर्मिंगहॅम येथें लॉसन टेट यांनीं फुटलेली नळी काढून स्त्रीचा जीव वाचविला, तेव्हांपासून मार्ग सांपडला. आज सोनोग्राफी व रक्ततपासणी यांनीं निदान लवकर होतें. नळी फुटलेली नसल्यास कित्येकींस मेथोट्रेक्झेटचें इंजेक्शन पुरतें. एरवीं दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. तो गर्भ उचलून पिशवींत ठेवण्याची युक्ति मात्र अद्यापि नाहीं. तेव्हां 'मूल घालविलें' असा बोल सासरच्यांनीं सुनेस लावणें हा शुद्ध अन्याय होय. दुसरी नळी धड असल्यास तिला पुढें मूल होऊं शकतें.

अशा वेळीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास चहापाणी कांहीं देऊं नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि डॉक्टरांस सर्वांत आधीं शेवटच्या पाळीची तारीख सांगावी.