३९ गावांतून कोटी घरांपर्यंत

दोन महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याहून मोठ्या तान्ह्यासाठी ही मर्यादा ५० श्वासांची. एवढं वेळेवर ओळखता आलं आणि औषध मिळालं, तर मूल वाचतं. पण गडचिरोलीतल्या अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यांच्यासाठी एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला औषधाची गरज आहे. निदान करायला दहापर्यंतचे आकडे पुरले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ५८ गावांत हे काम सुरू झालं. आईवडिलांना न्यूमोनियाची लक्षणं समजावून सांगितली गेली. दाया आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते औषध देऊ लागले. त्यांनी ६१२ आजारी मुलांवर उपचार केले आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण होतं ०.८ टक्के. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होतं. त्या दराने हिशेब केला तर या ६१२ मुलांपैकी ८० हून जास्त मुलं दगावली असती. प्रत्यक्षात दगावली पाचच्या आसपास.

हे ज्या मुलखात घडलं, त्याचा विस्तार आधी ध्यानात घ्यायला हवा. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात जवळजवळ चार गोवे मावतील. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती १० लाख ७३ हजार, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. महाराष्ट्राची सरासरी ३६५. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि विखुरलेल्या वस्त्या. इथे बाळ आजारी पडल्यावर डॉक्टर गाठायचा म्हणजे आधी अंतराशी झुंज. म्हणूनच ज्ञान गावात मुक्कामाला आणणं हा सर्वात जवळचा रस्ता ठरला.

१९८८ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्यातही पहिले २८ दिवस सर्वात धोक्याचे. १९९५ पासून ‘सर्च’ने ३९ गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. सुमारे ३९ हजार लोकवस्ती. प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली आणि तिला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. गरोदर बाईला आणि घरच्यांना ती आधीपासून शिकवी. बाळाला लगेच आंघोळ घालू नका, ऊबेत ठेवा, लवकर अंगावर पाजा. बाळंतपणाला ती दाईच्या सोबतीला हजर राही. नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन करी, ताप पाही, श्वास मोजी. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर घरच्यांच्या संमतीने इंजेक्शनही देई.

तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळं या काळजीच्या कक्षेत आली होती. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठीच्या घरातच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या दर सहा बाळांपैकी एक दगावत असे. आता ३६ पैकी एक. दर १८ बाळांची काळजी घेतली, की एक जीव वाचत होता. खर्च बाळामागे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले.

मग प्रश्न आला उरलेल्या महाराष्ट्राचा. राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी आपापल्या भागातले बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालातला अंदाज होता वर्षाला पावणेदोन लाख बालमृत्यू. म्हणजे दिवसाला जवळपास ४८०, तासाला २०. दर तीन मिनिटांनी एक मूल. यातले असंख्य मृत्यू सरकारी दफ्तरात पोहोचतच नव्हते. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याचा जाब कुणी कुणाला विचारायचा?

मोजून झाल्यावर या संस्था शिकवायला लागल्या. ‘अंकुर’ प्रकल्पात सात संस्थांनी गडचिरोलीची पद्धत ९१ गावांत आणि शहरांतल्या सहा झोपडपट्ट्यांत नेली. लोकवस्ती सुमारे ८८ हजार. तिथेही नवजात मृत्युदर ५१ टक्क्यांनी घटला. बंग दाम्पत्य समोर असल्याशिवाय हे जमणार नाही, ही शंका त्या आकड्याने पुसून टाकली. सातही ठिकाणी वेगळी माणसं होती, वेगळी परिस्थिती होती. सारखी होती ती गावातली शिकवून तयार झालेली बाई.

२०११ मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर देशव्यापी कार्यक्रम आखला. तो राबवतात आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या. आज देशात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा वेळा आणि घरी झालं तर सात वेळा त्या बाळाच्या घरी जातात. वर्षाला एक कोटीहून जास्त बाळांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचतो. बाळामागे सहाच भेटी धरल्या, तरी वर्षाला सहा कोटींहून जास्त वेळा कुणीतरी एका घराचं दार ठोठावून विचारतं, बाळ नीट पितंय ना?

गावातली एक बाई शिकली, की एक गाव शिकतं. इमारती आणि यंत्रं इतक्या वेगाने वाढत नाहीत. पण शिकवलेलं ज्ञान वाटल्याने घटत नाही, म्हणून ३९ चे दहा लाख होऊ शकले. या साऱ्या आकड्यांतून मला दिसणारं सत्य हेच आहे.

काम मात्र अजून संपलेलं नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारताचा नवजात मृत्युदर हजारी २० होता. वर्षाला दोन कोटी तीस लाख जन्म धरले, तर त्या वर्षी साडेचार लाखांहून जास्त बाळं महिनाभरही जगली नाहीत. हा आकडा खाली आणण्याची रीत आपल्याच राज्यातल्या जंगलाने सिद्ध करून दाखवली आहे. ती पुढे चालवणाऱ्या आशाताईला बाळामागे सगळ्या भेटींचे मिळून मिळतात २५० रुपये. तिचा मोबदला वेळेवर मिळावा, तिच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाटा चालू स्थितीत असावा आणि तिचं प्रशिक्षण दरवर्षी ताजं व्हावं, एवढी मागणी आपण प्रत्येक गावातून, प्रत्येक ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.