विनंती-प्रतिसाद प्रक्रिया, जालीय
विनंती-प्रतिसाद प्रक्रिया, जालीय : ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारून तिची छाननी करण्याची आणि तिला योग्य तो प्रतिसाद धाडण्याची, जालीय अनुप्रयोगातील कार्यपद्धती. हे संदेशवहन ‘एचटीटीपी’ नामक नियमांनुसार चालते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या यूरोपीय संशोधनसंस्थेत १९८९–९१ या काळात त्यांची पायाभरणी केली.

विनंतीत कृतिनाम, पत्ता, शीर्षके व आवश्यक तेथे मजकूर असतो. प्रतिसादात तीन अंकी स्थितिक्रमांक असतो, उदा., २०० म्हणजे कार्य सफल, ४०४ म्हणजे मागितलेले आढळले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड. रूबी ऑन रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११) इ. चौकटींत विनंती प्रथम ओळखतपासणीसारखी कामे करणाऱ्या मधल्या थरांतून जाते. नंतर पत्त्यानुसार नेमलेल्या कार्यघटकाकडे पोहोचते. प्रतिसाद त्याच थरांतून उलट क्रमाने बाहेर पडतो.

एचटीटीपीला स्मृती नाही. प्रत्येक विनंती स्वतंत्र मानली जाते. त्यामुळे पुनरावृत्तीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘गेट’ ही कृती केवळ माहिती वाचण्यासाठी असल्याने ती पुनःपुन्हा करण्यास हरकत नसते. ‘पोस्ट’ने मात्र नवी नोंद होऊ शकते. समजा, वाळूज औद्योगिक क्षेत्रातील बजाजनगर येथील एखाद्या कामगाराने दाखल्यासाठी अर्ज धाडला, तो नोंदला गेला. पण प्रतिसाद पोहोचण्यापूर्वीच संपर्क तुटला. अर्ज गेला की नाही हे त्याला कळत नाही. तो पुन्हा धाडल्यास दोन नोंदी होतात व शुल्कही दोनदा कापले जाऊ शकते. न धाडल्यास पोच हाती येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अर्जाची पोच, तीवरील अर्जक्रमांक व सेवेची मुदत यांना महत्त्व असल्याने येथे प्रतिसाद हाच अर्जदाराचा पुरावा होय.

यावर उपाय म्हणून प्रत्येक अर्जनमुन्यास एकमेव खूणक्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद न करता पहिलीच पोच परत धाडली जाते. तसेच नोंदीनंतर ३०३ या स्थितिक्रमांकाने ब्राउझरला पोच दाखविणाऱ्या पृष्ठाकडे वळवितात. त्यामुळे ते पृष्ठ पुन्हा उघडले, तरी अर्ज पुन्हा जात नाही. पुनरावृत्ती ओळखण्याचे काम बहुतेक चौकटी आपोआप करीत नाहीत. ती जबाबदारी अनुप्रयोग रचणाऱ्यावर राहते.