मोबाईल घरचा, कुलूप आपले



पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती रंगविणारी भगिनी असो की रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा बांधव असो, अनेकांच्या घरी चांगला मोबाईल एकच असतो. त्यावर मुले अभ्यास करतात, पाहुणे फोन लावतात आणि त्यातच आईचे बँक खाते व बचत गटाचा हिशेबही असतो. मोबाईल उघडला की सारेच उघडे! घराला दार असले तरी कपाटाला कुलूप लागतेच. तसे वेगळे कुलूप मोबाईलमधल्या ॲपलाही लावता येते.

शाओमी, रिअलमी अशा कंपन्यांच्या बहुतेक फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'ॲप लॉक' असते. तेथे हवे ते ॲप निवडून पासवर्ड ठरवावा. व्हॉट्सॲपवर तर २०२३ पासून एखाद्याच व्यक्तीशी झालेले बोलणेही कुलूपबंद ठेवता येते.

मात्र बोटाच्या ठशावर विसंबताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोनमध्ये ज्यांचे ठसे नोंदलेले असतात, त्या सर्वांच्या बोटांनी हे कुलूप सहसा उघडते. चौघांचे ठसे असतील तर कुलूप चौघांचेच! झोपलेल्या माणसाचे बोटही कोणी टेकवू शकतो. शिवाय कष्टाच्या कामाने रेषा झिजल्या की आपलेच बोट ओळखले जात नाही. म्हणून सामाईक फोनवर ॲपचा पासवर्ड फोनच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा. जन्मतारीख ठेवू नये.

संगणकाची रीत निराळी आहे. विंडोजमध्ये प्रत्येक ॲपला कुलूप लावण्याची सोय मुळात नाही. तेव्हा प्रत्येकाचे स्वतंत्र खाते करावे आणि उठताना विंडोजचे बटण दाबून 'एल' दाबावे.

"घरच्यांपासून काय लपवायचे?" असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, हा अविश्वास नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हा हक्क घरातल्या बाईलाही आहे. तिच्या घामाचा पैसा तिच्या संमतीवाचून हलू नये, एवढेच हे कुलूप सांगते.

यूपीआय पिन कोणालाही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि आजच घरातल्या आईला, बहिणीला शेजारी बसवून तिचे कुलूप तिच्याच हाताने लावायला शिकवावे.