विक्रेत्यांचे आकडे आणि स्वतंत्र विश्लेषक

मोठ्या संस्थांना संगणकीय माहिती साठविण्याची यंत्रणा विकणाऱ्या कंपन्या आपल्या सादरीकरणांत साठवणक्षमता व वेग यांचे आकडे अग्रभागी मांडतात. हे आकडे बहुधा असत्य नसतात. परंतु ज्या अटींवर ते सत्य ठरतात, त्या पार्श्वभूमीस राहतात. त्या अटी उजेडात आणणे हेच स्वतंत्र विश्लेषकाचे मुख्य कार्य होय.

उदाहरणार्थ, '१०० टेराबाइट परिणामी क्षमता' हे विधान घ्यावे. पुनरावृत्त माहिती गाळून व उर्वरित संकुचित करून ती चौथ्या हिश्शावर येईल असे त्यात गृहीत धरले असल्यास प्रत्यक्ष जागा २५ टेराबाइटच असते. कूटबद्ध अथवा पूर्वीच संकुचित केलेली माहिती अशी आक्रसत नाही. अशा ग्राहकाची यंत्रणा अपेक्षेपूर्वीच भरते. वेगाचेही तसेच. प्रतिसेकंद १० लक्ष वाचने ४ किलोबाइटच्या तुकड्यांवर मोजली, तर सुमारे ४ गिगाबाइट माहिती वाहते. ६४ किलोबाइटच्या तुकड्यांवर तोच आकडा गाठण्यास सोळापट वहनक्षमता लागते.

व्यवहारप्रक्रियेच्या क्षेत्रातील अशाच गोंधळावर उपाय म्हणून १९८८ साली 'ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल' स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार निकालासोबत चाचणीचा तपशील व यंत्रणेची किंमत प्रसिद्ध करावी लागते. तथापि तिचे सभासद मुख्यतः विक्रेतेच आहेत आणि प्रमाणित चाचणी म्हणजे ग्राहकाचे प्रत्यक्ष काम नव्हे. म्हणून अंतिम कसोटी ग्राहकाच्या स्वतःच्या माहितीवरच घेतली पाहिजे.