घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर: गालिचा, गादीवरचे डाग आणि कोमट पाणी

काही दिवसांपूर्वी एक गृहिणी खोकल्यासाठी दवाखान्यात आल्या होत्या. ताप नाही, सर्दी नाही, पण दोन दिवसांपासून घसा जळतोय आणि खोकला थांबत नाही. विचारपूस केल्यावर खरी गोष्ट कळली. घरी सासऱ्यांना पक्षाघात झालेला. त्यांना गालिच्यावरच उलटी आणि जुलाब झाले. यांनी आधी त्यावर उकळते पाणी ओतले. डाग गेला नाही, उलट तपकिरी होऊन पक्का बसला. दुपारी ऊन वाढले की वास यायचा. वैतागून त्यांनी आधी ब्लीच टाकले आणि वर बाथरूमचे ॲसिड. खोली बंद होती. त्यातून निघालेल्या क्लोरीन वायूने त्यांच्या श्वासनलिकेला सूज आली होती.

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ‘गरम पाण्याने सगळे स्वच्छ होते’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शरीरातून बाहेर पडलेल्या द्रवांच्या बाबतीत हे उलटे पडते. ते का, हे कळले की घरची सेवा थोडी सोपी होते.

गरम पाण्याने डाग पक्का का होतो?

अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो. परत थंड केले तरी तो पातळ होत नाही. रक्त, उलटी, शौच, जखमेतला पू या सगळ्यांत प्रथिने असतात आणि उकळत्या पाण्याने त्यांचेही तेच होते. ती गोठून कापडाच्या धाग्यांना चिकटतात. म्हणून रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यात आधी भिजवायचा. आपल्याकडे आजीसुद्धा हेच सांगायची.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक सूचना: एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चांगलेच कढत असते. नळाचे पाणी म्हणजे थंड पाणी असे तेव्हा समजू नका. रक्ताचा ताजा डाग असेल तर माठातले पाणी घ्या.

एन्झाइम काय करतात?

तुमच्या जठरात आणि आतड्यात अन्न पचवण्याचे काम एन्झाइम करतात. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना ‘विकर’ म्हणतात. कपड्यांच्या पावडरीतले आणि डागांच्या द्रावणातले एन्झाइमही तेच काम करतात, फक्त पोटाऐवजी कापडावर. प्रोटीएज हे प्रथिनांचे तुकडे करते, म्हणजे रक्त, उलटी, शौच, दूध, डाळ यांवर उपयोगी. अमायलेज पिष्टमय पदार्थांवर काम करते, रुग्णाच्या तोंडातून सांडलेली भाताची पेज हे त्याचे गिऱ्हाईक. लायपेज तेलातुपावर, मालिशचे खोबरेल गादीला लागले असेल तर ते हवे. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत ऑटो रोम या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच प्राण्यांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमने कपडे धुण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते.

गंमत अशी की एन्झाइम हे स्वतःच प्रथिन असते. त्यामुळे उकळत्या पाण्यात टाकले की डागाबरोबर तेही निकामी होते. पाणी फार गार असेल तर ते मरत नाही, पण काम मंदावते. थंडीत नाशिककडे पहाटेच्या पाण्यात पावडर कालवली आणि दहा मिनिटांत धुऊन टाकली, तर पैसे वाया गेले असे समजा.

मग पाणी किती गरम हवे? घरगुती वापरातली बहुतेक उत्पादने साधारण ३० ते ४० अंश सेल्सियसला चांगले काम करतात. थर्मामीटर लागत नाही. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी आपण कोपर बुडवून पाहतो, तेवढेच कोमट. उत्पादनाच्या पाकिटावर वेगळे तापमान लिहिले असेल तर ते पाळा. आणि पाकिटावर ‘एन्झाइम’ हा शब्द आहे का तेही पाहा. सगळ्याच पावडरीत ते नसतात.

पुसण्याआधी दोन क्षण पाहा

डॉक्टर म्हणून मला डागापेक्षा हे महत्त्वाचे वाटते. उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट असेल, शौच डांबरासारखे काळे-चिकट असेल, किंवा लघवीचा डाग लालसर असेल, तर रक्तस्राव असू शकतो. रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, लाजू नका. आतापर्यंत लघवीवर ताबा असलेल्या वृद्धाने अचानक गादी ओली करायला सुरुवात केली, तर लघवीचा संसर्ग, वाढलेली साखर किंवा नवा पक्षाघात यांपैकी काही आहे का, ते तपासून घ्यावे लागते. ‘वयामुळे होतं’ म्हणून गप्प बसू नका.

प्रत्यक्ष कसे करायचे

हातमोजे घाला. घट्ट भाग जुन्या पुठ्ठ्याने किंवा चमच्याने उचलून घ्या. ओलावा जुन्या सुती कपड्याने टिपा. घासू नका, घासल्याने डाग आत आणि बाजूला पसरतो. मग कोमट पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणात एन्झाइमचे द्रावण करा आणि डागापेक्षा थोडा मोठा भाग ओला करा. लघवी गालिच्याच्या खालच्या थरापर्यंत गेलेली असते, म्हणून वरवर शिंपडून भागत नाही. वर ओले फडके टाकून १५ ते ३० मिनिटे ठेवा. एन्झाइमला पाणी लागते, सुकले की काम थांबते. नंतर टिपून घ्या आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. हे शेवटचे पाणी टाळू नका. उरलेल्या द्रावणाने रांगणाऱ्या बाळाच्या आणि रुग्णाच्या नाजूक त्वचेला खाज येऊ शकते.

गालिचा धुणारा माणूस वाफेचे मशीन घेऊन येणार असेल तर त्याला आधीच सांगा: पहिल्यांदा कोमट एन्झाइमचा फवारा, मग थोडा वेळ थांबणे, आणि वाफ शेवटी. तो घाईत असतो आणि थेट वाफ मारतो. गालिचा लोकरीचा किंवा रेशमाचा असेल तर प्रोटीएज वापरू नका, कारण लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनेच आहेत. काश्मिरी गालिचा असाच खराब होतो.

जंतूंचे काय?

एन्झाइम डाग काढते, जंतू मारत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. चादरी, अभ्रे आधी थंड किंवा कोमट पाण्यात भिजवून डाग काढा आणि त्यानंतर, कापडाला चालत असेल तर, ६० अंश किंवा जास्त गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. उकळत्या पाण्याची जागा इथे आहे, पहिल्या पायरीवर नाही. फरशीवर ब्लीच वापरायचे असेल तर आधी घाण पूर्ण काढा; घाणीवर ओतलेले ब्लीच फारसे काम करत नाही. ब्लीचमध्ये एन्झाइमचे द्रावण मिसळू नका, एन्झाइम नष्ट होईल. ओल्या लघवीवर ब्लीच ओतू नका, त्यातूनही डोळे-घसा जाळणारा वायू निघतो. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र कधीच नाही. चुकून झालेच तर साफसफाई सोडून आधी मोकळ्या हवेत या. खोकला, धाप किंवा छातीत घट्टपणा राहिला तर रुग्णालयात जा. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

दम्याच्या रुग्णांसाठी

१९६९ मध्ये ब्रिटनमध्ये डिटर्जंटच्या कारखान्यातील कामगारांना एन्झाइमची भुकटी श्वासात गेल्याने दमा झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर एन्झाइमच्या कणांवर आवरण चढवायला सुरुवात झाली आणि घरी वापरताना हा धोका खूप कमी झाला. तरीही घरात कुणाला दमा असेल तर पावडरीऐवजी द्रवरूप उत्पादन घ्या आणि फवारा उडवण्यापेक्षा कापडाने लावा.

ओला राहिलेला गालिचा हा वेगळा त्रास आहे. जुलैत कोकणात तो चार दिवस सुकत नाही, खाली बुरशी धरते आणि दमेकऱ्याची शिंक-धाप सुरू होते. माझे स्पष्ट मत असे की अंथरुणाला खिळलेल्या किंवा तोल जाणाऱ्या रुग्णाच्या खोलीत गालिचा नकोच. त्यात पाय अडकून पडण्याची भीती वेगळी. गुंडाळून माळ्यावर ठेवा. गादीवर मेणकापड घाला, त्यावर सुती चादर, आणि ती ओली झाली की लगेच बदला, कारण ओल्या चादरीवर पडून राहिलेल्या पाठीला जखमा व्हायला फार दिवस लागत नाहीत.