लॉनमोवरच्या इंजिनातील तेल : बदलण्याचा कालावधी व त्यामागील कारणे

महाविद्यालयाच्या आवारातील हिरवळीसाठी लॉनमोवर खरेदी करताना दरपत्रके, मंजुरी, डेडस्टॉक नोंदवही या सर्वांची काटेकोर काळजी घेतली जाते. इंजिनातील तेल मात्र अनेकदा यंत्र बंद पडेपर्यंत तेच राहते.

तेल किती महिन्यांनी बदलावे, असे सामान्यतः विचारले जाते. वस्तुतः येथे महिन्यांपेक्षा इंजिन चालल्याचे तास अधिक महत्त्वाचे होत. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या पारंपरिक चार-स्ट्रोक इंजिनांसाठी पहिल्या ५ तासांनंतर आणि पुढे दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तेल बदलण्याची शिफारस आढळते. होंडाच्या जीएक्स मालिकेत हेच प्रमाण पहिले २० तास किंवा एक महिना, व नंतर १०० तास किंवा ६ महिने असे आहे. त्यामुळे आपल्या इंजिनाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

५० तास हा काळ अल्प वाटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार तेवढ्या वेळात ३,००० किलोमीटर जाते आणि तिचे तेल याहून पुष्कळ अधिक टिकते. हा फरक रचनेतला आहे. मोटारीत तीन-चार लिटर तेल, ते गाळणारा फिल्टर आणि पाण्याने होणारे शीतकरण असते. लॉनमोवरमध्ये तेल जेमतेम अर्धा लिटर. बहुतेक लहान इंजिनांत तेलाचा फिल्टर नसतोच, आणि इंजिन केवळ हवेने थंड होते. धातूचे कण, काजळी, ज्वलनातील बाष्प व न जळलेले पेट्रोल हे सारे त्या अर्ध्या लिटरातच साचत जाते. ते बाहेर काढण्याचा मार्ग एकच, तेल बदलणे. नव्या भागांची झीज आरंभी सर्वाधिक असते, म्हणून पहिला बदल इतक्या लवकर सांगितला आहे. नेमका तोच बहुधा चुकतो.

महाराष्ट्रात जून ते ऑक्टोबर गवत झपाट्याने वाढते. आठवड्यास तीन तास काम धरले तर १७ आठवड्यांत ५० तास पूर्ण होतात, म्हणजे पावसाळ्यातच एक बदल येतो. ओले गवत शीतकरणाच्या पात्यांत अडकून इंजिन तापते, उन्हाळ्यात धुळीची भर पडते. जुन्या माहितीपुस्तिकांत जास्त भार व उष्णतेसाठी २५ तासांची मर्यादा दिलेली आढळते.

बदलाइतकीच पातळीही महत्त्वाची. या इंजिनांत तेल प्रायः उडवून पसरवले जाते. ते कमी झाल्यास कनेक्टिंग रॉड कोरडा पडून तुटू शकतो. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी तेलपट्टी पाहावी. (दोन-स्ट्रोक ब्रशकटरला हा नियम लागू नाही, तेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात.)

बहुतेक यंत्रांवर तासमापक नसल्याने माळ्याजवळच्या वहीत रोजचे तास लिहावेत. तेल इंजिन कोमट असताना काढावे. काढलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाडांच्या आळ्यात वा गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे.