गर्दीतील महालाचे छायाचित्र

वाचकहो, बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळील टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे, असे आपणांस सहजच वाटेल. हैदरअलीने आरंभिलेली ही बहुतांशी सागवानी वास्तू टिपूने १७९१ मध्ये पूर्ण केली. परंतु सुटीच्या दिवशी तिच्या नक्षीदार कमानींखाली प्रेक्षकांची एवढी दाटी होते की, खांब नीट दिसावा तर कुणाचे तरी मस्तक आड येते!

कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवली, तर चालती माणसे चित्रात उमटत नाहीत. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले; त्यात बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला गृहस्थ उमटला, धावत्या गाड्या मात्र नाहीशा झाल्या. पण यासाठी ट्रायपॉड हवा, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंत त्याला परवानगी लागते. तेव्हा दरवाजा उघडताच पोहोचावे, हे उत्तम.

तरीही गर्दी भेटलीच, तर खिन्न होऊ नये. खांबापाशी उभे असलेले एखादे माणूस चित्रात येऊ द्यावे. खांबाची खरी उंची पाहणाऱ्यास त्याच्यामुळेच उमगते.